प्लेट मोडली कोणी?

पायातली प्लेट मोडलेल्या एका पेशंटच्या जुन्या केसपेपरवर एक ओळ होती: "रुग्णाने सल्ल्याविरुद्ध पायावर वजन टाकल्याने इम्प्लांट तुटले." ती वाचल्यापासून डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहायला बसलेय.

मी सिंधुदुर्गात एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला शिकवते. त्यासोबत हाडं जोडायला वापरतात त्या प्लेटांचं गणिती मॉडेलिंग करते, म्हणजे हाड, प्लेट, स्क्रू सगळं कॉम्प्युटरवर लाखो बारीक तुकड्यांत कापायचं, प्रत्येक तुकड्याला त्याच्या मटेरिअलचे गुणधर्म द्यायचे, वरून भार टाकायचा आणि ताण कुठे साठतोय ते बघायचं. ऐकायला सोपं वाटतं पण प्लेटच्या एका भोकाच्या कडेला या तुकड्यांची जाळी नीट बसवण्यात अख्खी संध्याकाळ जाते, कारण तिथे तुकडे मोठे राहिले तर उत्तर खोटं येतं, आणि ते दिसतं मात्र एकदम छान रंगीत. केस देणारे एक ऑर्थोपेडिक सर्जन आहेत, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. पेशंटची लेखी परवानगी आणि एथिक्स कमिटीची मंजुरी असेल तेवढ्याच केस घेतो.

ज्यांच्या केसपेपरवर ती ओळ होती ते काका साठीचे, सावंतवाडीच्या बाजूचे, हापूस काढताना झाडावरून पडलेले. आमच्याकडे एप्रिल-मे आला की आंब्यावरून आणि पोफळीवरून पडलेली माणसं वॉर्डात येतातच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला, म्हणजे खालूनच आंबे काढायची जाळीची काठी, घरोघरी आहे, तरी शेवटचे चार आंबे काढायला माणूस फांदीवर चढतोच. काकांचं मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलं होतं आणि आतल्या बाजूला तर नुसता चुरा. बाहेरच्या बाजूने स्टीलची लॉकिंग प्लेट, म्हणजे स्क्रूची डोकी प्लेटमध्येच घट्ट बसतात अशी, बसवलेली, ऑपरेशन दुसरीकडे झालेलं. पाच महिन्यांनी, चतुर्थी झाली आणि पाच-सहा दिवसांत प्लेट मोडली. एरवी असे पेशंट सरळ गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलला नाहीतर कोल्हापूरला नेतात, हे सरांकडे आले.

त्या दिवशी सरांनी मला ऑपरेशनच्या वेळीच बोलावून घेतलं होतं. एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. मोडलेल्या धातूचे दोन तुकडे हातात आले की कोणीही पहिल्यांदा ते एकमेकांत बसवून बघतो, आणि तेच करायचं नसतं. मोडलेल्या तोंडावर सगळा पुरावा लिहिलेला असतो, एकदा घासलं की पुसलं जातं. प्लेट निर्जंतुक होऊन ट्रेमधून बाहेर आली आणि एका ज्युनिअर डॉक्टरने दोन्ही तुकडे उचलले, मी जवळजवळ ओरडलेच, "जोडू नका!" सिस्टर दचकल्या. पण तोंडं वाचली. तुकडे वेगवेगळ्या डब्यांत घातले, पेशंटचा नंबर चिकटवला आणि कॉलेजला आणले. खरं तर काढलेल्या बहुतेक प्लेटा अशा कोणी बघतच नाही, त्या भंगारात जातात. मोडलेल्या यंत्राचा तुकडा आपण जपून तपासणीला पाठवतो आणि माणसाच्या पायात मोडलेलं लोखंड किलोवर विकतो, याची मला खरंच चीड येते.

मायक्रोस्कोपखाली तोंड धरलं आणि पहिल्या नजरेतच कळलं. फ्रॅक्चरच्या नेमकं समोर एक स्क्रू न घातलेलं भोक होतं. त्या भोकाच्या कडेपासून अर्धगोल रेषा निघालेल्या, एकाबाहेर एक, दूर जातील तशा रुंद होत गेलेल्या, आणि तो सगळा भाग गुळगुळीत चकाकणारा. शेवटी एका कोपऱ्यात तेवढा खडबडीत करडा पट्टा. खडबडीत भाग म्हणजे शेवटचा झटका. गुळगुळीत भाग म्हणजे भेग आधीपासून रोज थोडी थोडी पुढे सरकत होती. याला फटीग म्हणतात, तार मागेपुढे वाकवत राहिलं की शेवटी तुटते तसंच. ऑगस्ट व्होलर नावाच्या जर्मन इंजिनिअरने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर हे पद्धतशीर मोजलं, की एका वेळी सहज पेलेल असा भारही पुन्हा पुन्हा आला तर धातू तुटतो.

म्हणजे "चतुर्थीला आरतीला उभा राहिला असणार, भजनात नाचला असणार", हा जो सगळ्यांनी काढलेला निष्कर्ष होता तो तिथेच पडला. एका दिवसाने ती प्लेट मोडलेली नव्हती.

सरांना संशय वेगळाच होता, आधीच्या सर्जनने स्क्रू चुकीच्या भोकांत घातले. आणखी एक जण म्हणाला, स्वस्तातलं स्टील असेल. हार्डनेस मी लगेच काढला, तो जसा असायला हवा तसाच होता. मग मॉडेलकडे वळले. काकांच्या त्या पायाचा सीटी निरुपयोगी, कारण धातू असला की चित्रात सगळीकडे पांढऱ्या रेघांचा फुलोरा उठतो. म्हणून आम्ही चांगल्या पायाचा सीटी घेतो, आरशातल्यासारखा उलटा करतो आणि त्यात फ्रॅक्चर कापतो. हाड किती ताठ हे सीटीतल्या घनतेवरून ठरवायचं. ताठपणा पास्कलमध्ये मोजतात, हजार मेगापास्कल म्हणजे एक गिगापास्कल. प्लेटचं स्टील सुमारे २०० गिगापास्कल, चांगलं घट्ट हाड वीसच्याही खाली, म्हणजे प्लेट हाडाच्या दहापट ताठ. मोडलेल्या हाडातल्या फटीत मात्र काय भरायचं हाच खरा प्रश्न, कारण तिथे सुरुवातीला मांसासारखी नरम ऊती असते, जेमतेम १ मेगापास्कल किंवा त्याहून कमी, आणि नवं कच्चं हाड धरलं की हजार मेगापास्कल.

भाराचे आकडे बर्लिनच्या शारिते हॉस्पिटलमधल्या ज्युलियस वोल्फ इन्स्टिट्यूटचे घेतले. त्यांनी माणसांच्या कृत्रिम गुडघ्यातच सेन्सर बसवून भार मोजलाय. २०१० साली छापलेल्या आकड्यांत सपाट चालताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या साधारण २.६ पट आणि जिना उतरताना जवळपास साडेतीन पट भार येतो. काकांचं घर चिऱ्याच्या उंच जोत्यावर, खळ्यात उतरायला पायऱ्या, आणि संडास परसात. वॉकर होता, त्यामुळे मी भार बराच कमी धरला.

पहिलं उत्तर आलं ते सरांच्या संशयासाठी. मी स्क्रू इकडून तिकडे हलवले, जवळचे लांब नेले, रिकामी भोकं वाढवली, आणि त्या भोकाच्या कडेचा ताण फारसा हललाच नाही! मला आधी वाटलं जाळीत काही गडबड आहे, म्हणून पुन्हा बारीक केली, तरी तेच. मग कागदावर साधं गणित मांडलं तर उघडच होतं. आतल्या बाजूला हाडच नाही, म्हणजे भार वाहायला फक्त बाहेरची प्लेट, आणि प्लेट भाराच्या रेषेपासून जितकी बाजूला तितकं वाकवणारं बळ तिच्यावर येणारच, स्क्रू कुठेही घाला. आधीच्या सर्जनने स्क्रू पुस्तकाप्रमाणेच घातले होते. दुसऱ्या डॉक्टरच्या कामावर बोट ठेवणं आपल्याकडे फार सहज होतं, त्यात मॉडेल चालवून बघायची कोणाला गरजच वाटत नाही.

मग फटीतली ऊती बदलली. १ मेगापास्कलवर सगळा ताण भोकाच्या कडेला जमा. हळूहळू वाढवत कच्च्या हाडापर्यंत नेली आणि प्लेटवरचा ताण धाडकन उतरला. आतल्या बाजूला थोडं जरी हाड धरलं असतं तरी प्लेट वाचली असती. आणि पहिल्या स्थितीतही ताण असा काही भयंकर नव्हता, ताणून घट्ट केलेलं इम्प्लांट स्टील साधारण ६९० मेगापास्कलला कायमचं वाकायला लागतं, त्याच्या बराच खाली. पण दिवसाला पाचशे पावलं धरली तरी पाच महिन्यांत पाऊण लाख होतात. संडासला जाऊन येण्यातच ती भरतात.

प्लेट मोडली म्हणून हाड जुळलं नाही असं नातेवाईक समजतात, झालेलं असतं उलटं. हाड जुळलं नाही म्हणून प्लेट मोडते, ती शर्यतच असते. आता हाड का जुळलं नाही? काकांना शुगर आहे, तंबाखू आहे. शिवाय पेरेन नावाच्या स्विस संशोधकांनी मांडलेला नियम आहे, फटीतली हालचाल फटीच्या रुंदीच्या २ ते १० टक्क्यांत राहिली तर कॅलस, म्हणजे हाड जोडणारी कच्च्या हाडाची गाठ, धरतो, त्यापुढे नव्या हाडाचे धागे तग धरत नाहीत. १ मिलिमीटर फटीत ०.१ मिलिमीटर हालचाल झाली की मर्यादा गाठली. तिसऱ्या महिन्याचा एक्स-रे मी पाहिला, आतल्या बाजूला कॅलसचा पत्ता नाही. तेव्हा "अजून वजन टाकू नका" एवढंच सांगून परत पाठवलं होतं. ग्राफ्टचा, म्हणजे दुसरीकडचं हाड काढून तिथे भरायचा, विचार तेव्हाच व्हायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे, आणि सरांचंही.

सरांनी आता दोन्ही बाजूंनी प्लेट घातलीय आणि कमरेच्या हाडाचा ग्राफ्ट भरलाय. दोन दिवसांनी मी वॉर्डात काकांना भेटले. मला बघून ते आधी खुलासाच द्यायला लागले, "मॅडम, मी गोठ्याकडे जाऊक नाय ओ. आरतीक पण खुर्चेर बसान रवलंय. परसाकडे जातंय तितक्याच." सूनबाई बाजूला मान खाली घालून उभी. तिलाही घरात ऐकावं लागलं असणार, लक्ष ठेवलं नाहीस म्हणून. मी मोबाईलवर प्लेटच्या मोडलेल्या तोंडाचा फोटो दाखवला, त्या अर्धगोल रेषा दाखवल्या, हे रोज रोज सरकत आलंय, तुमच्या एका दिवसाने नाही झालं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे माझ्या चलण्यानच मोडला ता."

इथे मी अडकले, अजून अडकलेय. कारण चालण्याने मोडली हे खरंच आहे, पण ज्या चालण्याने मोडली ते कोणत्याही माणसाला टाळता येण्यासारखं नव्हतं. पाय नुसता बेडवरून उचलला तरी स्नायू गुडघ्यावर भार टाकतात, मग परसात जाणाऱ्याला काय सांगणार? मी त्यांना म्हटलं, "काका, हाड भरलं असतं तर इतकं चालून काही झालं नसतं." ते पटलं की नाही कळलं नाही. लगेच विचारलं, "आता किती पावला चलू?" ते मी सांगू शकत नाही, सर एक्स-रे बघून सांगतील, एवढंच म्हटलं.

मी एक पान लिहून सरांना दिलंय. प्लेटच्या मोडलेल्या तोंडाचा फोटो आणि ताणाचा आलेख, खाली माझी सही. त्यांनी ते फाईलला लावलंय. आधीची ओळ खोडता येत नाही, ती दुसऱ्या ठिकाणची आहे, पण निदान पुढे जो कोणी फाईल उघडेल त्याला दोन्ही वाचावं लागेल. आता वॉकर घेऊन पायऱ्या उतरताना आपल्याकडच्या माणसांचा भार किती येतो ते मोजायचंय, जोत्याच्या पायरीची उंची धरून. बर्लिनचा जिना आणि आमची शेवाळलेली चिऱ्याची पायरी एकच धरून चालणार नाही. सरांच्या कपाटात आणखी दोन मोडक्या प्लेटा निघाल्यात, वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवायला सांगितलंय.