चार इंचांच्या शॅकलपट्ट्या

जिप्सी उंच करायला किती घेता, असे फोन पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होतात. मी उलट विचारतो, घासते कुठं? बहुतेकांना सांगता येत नाही. घासत नाही हो, पण दिसायला पाहिजे असं एखादाच खरं बोलतो, आणि त्याचं काम करायला मला सोपं जातं, कारण त्याला काय पाहिजे ते त्याला तरी माहीत असतं.

यंदा जूनमध्ये एक बापलेक आले, राधानगरीच्या वरच्या अंगाचे. ९९ ची जिप्सी किंग, कार्ब्युरेटरवाली, पत्रा ठीकठाक, चासी एकदम कोरडी. गाडी बापाची, म्हणजे आण्णांची, शेतावर जायला. रस्ता सोडला की आत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, पावसात त्या गुडघाभर होतात आणि मधला उंचवटा तसाच राहतो, त्यावर गाडी टेकते. म्हणून पोरानं कुणाकडून तरी पुढच्या पाट्यांना, म्हणजे वाकड्या पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या स्प्रिंगांना, लांब शॅकलपट्ट्या करून बसवल्या होत्या. शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या दोन पट्ट्या. गाडीचं नाक वर, मागची बाजू बसलेली. आता तक्रार अशी की फोंडा घाट उतरताना वळणावर स्टेअरिंग फिरवलं की ते आपणहून परत येत नाही, हातानं ओढून सरळ करावं लागतं, आणि साठच्या वर गाडी रस्त्यात एका जागी राहत नाही.

"दोनदा अलाइनमेंट केलीया मिस्त्री, काय फरक न्हाय," आण्णा म्हणाले आणि खिशातनं मशीनचा रिपोर्ट काढून दिला. रिपोर्टात कॅस्टरच्या, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याच्या मागं असलेल्या कलाच्या, रकान्यात लाल आकडा छापलेला, वजा चिन्हासकट. त्या अलाइनमेंटवाल्यानं तो बघितला नसेल असं होऊच शकत नाही. जिप्सीला पुढं अख्खा सॉलिड ॲक्सल, तिथं मशीनवर उभं राहून फक्त टो, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किती आत-बाहेर ते, सेट होतो, कॅस्टरला फिरवायला बोल्टच नाही. मग टो सेट केला, पैसे घेतले, पुढच्या महिन्यात परत टो सेट केला, परत पैसे घेतले. पोराला एवढंच सांगायचं होतं की बाबा शॅकलपट्ट्या बघ. आमच्या धंद्यात अर्धा वैताग अशा लोकांमुळं येतो.

आता ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी. जिप्सीचा पुढचा पाटा मागच्या टोकाला चासीला पक्का असतो आणि पुढच्या टोकाला शॅकलवर झुलतो. शॅकल जेवढी लांब कराल त्याच्या निम्मी गाडी वर येते, कारण ॲक्सल पाट्याच्या मध्यावर आहे. म्हणजे चार इंच वाढवले की मिळाले दोन. पण पाट्याचं पुढचं टोक मात्र पूर्ण चार इंच खाली गेलं. पाटा साधारण मीटरभर, तो तेवढ्यानं पाच-सहा अंश पुढं झुकतो आणि त्याच्यावर आवळलेला ॲक्सलही तेवढाच पुढं झुकतो. कंपनीनं कॅस्टर दिलाय साडेतीन अंश. वजाबाकी तुम्हीच करा. कॅस्टर शून्याच्या खाली गेला की चाकाला सरळ व्हायची इच्छाच राहत नाही, मग टाय रॉड बदला, स्टेअरिंग बॉक्स बदला, काहीही बदला.

पट्ट्या तर बघण्यासारख्या होत्या. सहा एमएमची पट्टी, गॅसनं कापलेली, कडा तशाच ओबडधोबड. बोल्टची भोकंसुद्धा ड्रिलनं पाडलेली नव्हती, गॅसनंच उडवलेली, आणि आता अंड्यासारखी झालेली. दोन पट्ट्यांच्या मधे आडवा पाइप नाही. शॅकल लांब करायचीच असेल तर मधे आडवा तुकडा वेल्ड करून तिचा एच करावा लागतो, नाहीतर गाडी तिरक्या उतारावर गेली की दोन्ही पट्ट्या आडव्या कलंडतात आणि चासी ॲक्सलवर एका बाजूला सरकते. हे कुठल्या पुस्तकातलं ज्ञान नाही, हातात धरून हलवलं तरी कळतं.

पोराचं म्हणणं वेगळंच. "दादा, शॅकल राहू दे, वेज घाला. व्हिडिओत बघितलंय मी, पाटा आन् हाऊजिंगच्या मधे तिरका तुकडा घालतात, कॅस्टर परत येतो." हाऊजिंग म्हणजे ॲक्सलची बाहेरची लोखंडी नळी, मधे गिअरचा गोळा असलेली. व्हिडिओत खोटं नव्हतं. एक-दोन अंशांचा वेज मी पण घालतो. पण सहा अंशांचा वेज घालून हाऊजिंग मागं झुकवलं की त्याच हाऊजिंगचं पिनियनही, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट जोडतो ते तोंड, जमिनीकडं बघायला लागतं, आणि गाडी उंच झाल्यानं पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटला आधीच जास्त वाकावं लागत असतं. मग फोर बाय फोर टाकली की धडधड. एक दुरुस्त केलं की दुसरं बिघडतं, आणि ते मग तो माझ्याकडं घेऊन येणार. त्याच्या मित्रानं गाडी उंच करायचे बोलेरोचे ठोकळेही देऊ केले होते. तेही सांगून टाकतो, जिप्सीचे पाटे हाऊजिंगच्या खाली असतात. खालच्या पाट्यात आणि वरच्या हाऊजिंगमधे ठोकळा घातला तर गाडी उंच होत नाही, बुटकी होते. असे ठोकळे घेऊन येणारे मी बघितलेत, आणि ते परत करताना त्यांची तोंडंही बघितलीत.

मग मी गाडीखाली झोपलो. माझ्या मते सगळं काम इथंच ठरतं आणि यालाच कुणी वेळ देत नाही. टॉर्च घेऊन बघितलं तर चासीचे दोन्ही रूळ, मधला क्रॉसमेंबर, गिअरबॉक्सच्या खालचा भाग, सगळीकडं जुना वाळलेला चिखल जसाच्या तसा, बोटानं पापुद्रा निघत होता. म्हणजे तिथं कधी काही टेकलंच नाही. आणि मागच्या हाऊजिंगचा गोळा खालून चांदीसारखा चकचकीत, ड्रेन प्लगची कड झिजलेली, पाटा हाऊजिंगला आवळून धरणाऱ्या यू बोल्टची जी टोकं प्लेटच्या खाली लोंबतात त्यांचे आटे दगडावर घासून सपाट. एका यू बोल्टचा नट तर पाना बसणार नाही एवढा गोल झालेला. आण्णांना खाली वाकायला लावलं, म्हटलं हे बघा, तुमचं शेत इथं लिहिलंय.

चासी कितीही वर न्या, हाऊजिंग जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर राहणार. ते ॲक्सलच्या केंद्राला बांधलेलं आहे, आणि ॲक्सल वर जातो फक्त टायर मोठा केल्यावर. कंपनीचा २०५/७० आर १५ काढून २१५/७५ टाकला तर हाऊजिंग पावणेदोन सेंटिमीटर वर येतं. २३५/७५ टाकला तर सव्वातीन. लिफ्ट, म्हणजे चासी वर उचलणं, लागते ती एवढ्यासाठी की मोठा टायर मडगार्डला लागू नये, आणि चाकाला खाली-वर जायला जागा मिळावी. पोराला २३५ हवे होते. आण्णांना चिखलातनं बाहेर यायचं होतं, आणि चिखलात जाडजूड टायरपेक्षा अरुंद टायर खाली जाऊन पकड घेतो, शिवाय गाडी ओढायला इंजिन तेवढंच आहे, तेराशे सीसी. २१५ ठरले. पोराचं तोंड उतरलं.

स्प्रिंग ओव्हर का नाही, असंही त्यानं विचारलं, आणि हा प्रश्न मात्र बरोबर होता. पाटे हाऊजिंगच्या वर घेतले की गाडी पाचेक इंच उठते आणि खालची यू बोल्ट प्लेटची अडगळही जाते. पण त्यात हाऊजिंगवर नवीन पॅड वेल्ड करायचे, पिनियनचा कोन आधी बांधून घ्यायचा, वेल्डिंग थोडं थोडं करत थंड करत जायचं नाहीतर नळी वाकते, स्टेअरिंगचा दांडा म्हणजे ड्रॅग लिंक खालून वर घ्यायची, ब्रेकचे होज लांब, शॉकॲब्सॉर्बर लांब, शाफ्ट लांब. तीस हजारात होणारं काम नाही, आणि जो म्हणतो होतं, तो यातलं निम्मं सोडून देतो. त्यात कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि सुप्रीम कोर्टानंही २०१९ च्या जानेवारीत सांगितलंय की कंपनीनं दिलेल्या मापात, आरसीवरच्या नोंदीत फरक पडेल असा बदल करता येत नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओत उभं करावं लागतं. बसलेला पाटा मूळ कमानीला आणणं ही दुरुस्ती झाली. पाच इंच म्हणजे दुरुस्ती नव्हे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचं ते काम मी घेत नाही.

तर पाटे काढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाटे ठोकणाऱ्या चाचांकडं नेले. चाचांचा पहिला प्रश्न ठरलेला, "थंडा मारू का गरम?" थंड म्हणजे पाटा ऐरणीवर ठेवून घणानं ठोकत कमान द्यायची, तासाभरात होतं, स्वस्त पडतं आणि पावसाळा संपायच्या आत परत बसतं. सगळीकडं हेच करून देतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं, कारण त्या दिवशी गाडी उंच असते. गरम म्हणजे प्रत्येक पाटा वेगळा लाल करायचा, कमान द्यायची, तेलात विझवायचा. विझवलेला पाटा काचेसारखा असतो, तसाच बसवला तर पहिल्याच खड्ड्यात दोन तुकडे. म्हणून परत मंद तापवून नरम करायचा, आणि किती तापवायचा हे चाचांकडं कुठलं मीटर नाही. बाभळीची वाळकी काडी घेऊन ते तापलेल्या पाट्यावर ओढत राहतात. आधी काडी नुसती घसरते, मग धूर सोडते, मग टोकाला बारीक बारीक ठिणग्या दिसायला लागतात. ठिणगी दिसली की "बास" म्हणून पाटा बाजूला. आमचा आयटीआय झालेला पोरगा हे तोंड उघडं ठेवून बघत होता. त्याला तिथं इंजिन शिकवलंय, पाटा कुणी शिकवला नाही.

खालचा प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा जरा जास्त वाकडा पाहिजे. सुटे एकावर एक ठेवले की मधे फट दिसली पाहिजे, सेंटर बोल्ट आवळल्यावर ती मिटते आणि तिथनंच जोर येतो. चाचांनी मागं एकेक पाटा वाढवला. हा वाढवलेला पाटाही हाऊजिंगच्या खालीच येतो, म्हणजे तिथं तेवढा क्लिअरन्स गेला, म्हणून नवीन यू बोल्ट बरोबर मापाचे वाकवून घेतले आणि नटच्या खाली उरलेली टोकं कापून टाकली. जुने यू बोल्ट परत वापरायचे नाहीत, ते ताणलेले असतात, त्यांना कितीही आवळा, ते सुटतात. पुढं शॅकल कंपनीच्या मापाची. पाट्याच्या टोकांतले बुश नवीन रबरी. आणि बुशचे बोल्ट गाडी घोडीवर असताना नुसते बसवायचे, खाली चाकावर उतरवून वजन दिल्यावर मग आवळायचे, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. हे सांगून सांगून माझा घसा बसतो. शॉकॲब्सॉर्बर थोडे लांब घातले, ब्रेक होज ॲक्सल पूर्ण लोंबकळवून बघितले, ताणत नव्हते.

सगळं मिळून पुढं-मागं दोनेक इंच आले, त्यातलं निम्मं तर नुसतं बसलेलं परत आलेलं. आण्णांना घेऊन पन्हाळ्याच्या रस्त्याला गेलो, वळणावर हात सैल सोडला आणि स्टेअरिंग आपलं आपण सरळ झालं. "आता कसं म्हशीसारखं घराकडं वळतंय," आण्णा म्हणाले.

बिल देताना आण्णांचा पोरगा म्हणाला, "जुन्या शॅकलपट्ट्या कुठायत? मित्राच्या जिप्सीला लावायच्यात." मी म्हटलं, त्या लावायच्या नाहीत, भंगारात टाक. तो म्हणाला, पैसे दिलेत त्याचे, माझा माल आहे. बरोबर होतं त्याचं. जुना पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यायचा हा माझाच नियम, दुकानात पाटी लावलीय तशी. मी फळीवरनं चारी पट्ट्या घेतल्या, गॅस कटर पेटवला, मधोमध कापल्या आणि आठ तुकडे पिशवीत घालून दिले. म्हटलं, त्याचे काय दोन हजार असतील ते बिलातनं कमी करतो. त्यानं घेतले नाहीत. तुम्ही कोण ठरवणार, एवढंच म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. आण्णांनी पूर्ण बिल दिलं, एक शब्द बोलले नाहीत, ना माझ्या बाजूनं ना त्याच्या.

भाऊ म्हणतो, दुसऱ्याचा माल कापायचा तुला अधिकार नाही, उद्या कुणी पोलिसात गेला म्हणजे कळेल. त्याचं चुकत नाही. पण घाटात ती भोकं फाटून शॅकल सुटली असती तर माझ्या दुकानातनं परत गेलेला पार्ट म्हणूनच गेली असती. कधी वाटतं त्या मित्राचा नंबर घेऊन त्यालाच फोन करायला पाहिजे होता. पण असा फोन घेऊन ऐकणारे किती, हेही मला माहीत आहे.

काही किलोमीटर चालल्यावर यू बोल्ट परत आवळायचे असतात, त्याला आण्णा एकटेच आले. चाकोरीतनं गाडी निघते म्हणाले, एकदा टेकली होती पण मागं घेऊन सुटली. पट्ट्यांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

ज्यानं त्या पट्ट्या केल्या तो वेल्डर ओळखीतलाच निघाला. गेलो त्याच्याकडं. म्हणाला, गिऱ्हाईक माप देतं, मी कापतो, मला काय गाडीतलं कळतं? परवाच अजून एक जोड नेला की एका पोरानं, तेच माप. मी म्हटलं, निदान भोकं ड्रिलनं पाड आणि मधे आडवा पाइप तरी लाव. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "लावतो की, पण मग सातशे जास्त पडतील. ते कुणाकडनं घेऊ, तुमच्याकडनं?"