राजगडाचा हत्ती आणि लोहगडाचा विंचू : पुण्याजवळचे आकाराचे दगड बघायला जाणाऱ्यांसाठी

सह्याद्रीत कातळाला आकार आहे आणि लोकांनी त्याला नाव दिलेलं नाही, असं फारसं आढळत नाही. खंडाळ्याची नागफणी, तोरण्याचा बुधला, नाणेघाटातला नानाचा अंगठा, जीवधनला खेटून उभी असलेली वानरलिंगी. पुण्यातून सकाळी निघून रात्री घरी परतता येईल अशा अंतरात ही सगळी मंडळी आहेत. आपण गड बघतो, दरवाजे बघतो, पिठलं-भाकरी खाऊन उतरतो. या दगडांसमोर मुद्दाम थांबणारे थोडेच. दिवाळीनंतर आम्ही ठरवून फक्त त्यांच्यासाठी गेलो. आधी राजगड, मग लोहगड.

राजगडाला दोन नेहमीच्या वाटा आहेत. गुंजवण्यातून चोर दरवाज्याने चढलं तर थेट पद्मावती माचीवर (माची म्हणजे बालेकिल्ल्याखालची तटबंदीची सपाटी) निघतो, पण शेवटचा टप्पा उभा आहे, रेलिंग धरून चढावं लागतं. सोबत आठवीतली भाची होती म्हणून आम्ही पाली दरवाज्याची वाट घेतली. रुंद, पायऱ्यापायऱ्यांची, लहान मुलं आणि गुडघे जपणारे दोघांनाही चालण्यासारखी. पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूर फाट्याला वळायचं, मार्गासनीपर्यंत रस्ता एकच. तिथून साखरमार्गे गुंजवणं किंवा वाजेघरमार्गे पाली. उजाडता उजाडता पायथ्याला पोहोचलात तर ऊन चढायच्या आत माथ्यावर असाल. का, ते पुढे सांगतो.

पद्मावती माचीवरून रामेश्वराच्या देवळाजवळच्या पायऱ्या चढून वर गेलं की वाट फुटते. सरळ बालेकिल्ला, उजवीकडे संजीवनी माची, डावीकडे सुवेळा माची. बहुतेक जण बालेकिल्ल्याला जातात. तुम्ही डावीकडे वळा. डुबा नावाच्या टेकडीच्या बगलेने जाताना झाडीत वीर मारुती लागतो, पुढे माची पूर्वेकडे निमुळती होत जाते आणि वाटेत एक भला मोठा खडक आडवा येतो. त्यात सुमारे तीन मीटर व्यासाचं आरपार भोक आहे. हेच ते प्रसिद्ध नेढं, आणि या खडकालाच हत्तीप्रस्तर म्हणतात.

जवळून मात्र हत्ती दिसत नाही. दिसतो तो काळा, खरबरीत कातळ. ताक विकायला बसलेल्या मावशींना भाचीने विचारलं, "मावशी, हत्ती कुठंय?"

"हितनं नाय दिसायचा बाळा. पुढं माचीवर जा, आन् मग मागं वळून बघ."

एवढं वाक्य कोणत्याही नकाशापेक्षा उपयोगाचं आहे. खडक ओलांडून तटाच्या कडेने पुढे गेलो. थोडं चालायचं, वळून बघायचं, पुन्हा चालायचं. एका जागी कातळाची वरची कड अचानक पाठीसारखी गोल वाटली, पुढचा भाग खाली उतरत सोंड झाला, आणि नेढ्यातून दिसणारं आकाश सोंड आणि पायाच्या मधल्या पोकळीत बसलं. भाची म्हणाली, "मामा, कान कुठाय?" कान शोधण्यात आमचा बराच वेळ गेला. शेवटी तिलाच दिसला : एक तिरकी भेग आणि तिच्या खालची सावली. दुपारी सूर्य डोक्यावर आल्यावर ती सावली गेली आणि कानही गेला. म्हणून म्हटलं, लवकर पोहोचा. सुवेळा पूर्वेला आहे, सकाळचं तिरकं ऊन थेट या बाजूवर पडतं आणि प्रत्येक खाच उठून दिसते. भर दुपारी तोच खडक सपाट वाटतो.

हे आकार घडतात कसे, तेही त्याच खडकावर वाचता येतं. आपला दख्खनचा बेसॉल्ट म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्हाचे थर. थराचा मधला भाग घट्ट असतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून थंड झालेले असतात, तो भुसभुशीत राहतो. ऊन, पाऊस, वारा मऊ भाग आधी खातात आणि घट्ट भाग मागे उरतो. नेढी, कपारी, मान बारीक आणि डोकं मोठं असलेले सुळके घडण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. हत्तीच्या पोटाशी नाक लावून बघा : बोटाच्या पेरात मावतील अशी बारीक बारीक भोकं दिसतील, काहींत पांढरट स्फटिक, काहींत नुसती माती, आणि वर करड्या-हिरव्या दगडफुलाचे ठिपके. लांबून जी हत्तीची कातडी वाटते ती ही.

बेसॉल्टची दुसरी तऱ्हा रस्त्यालगतच्या डोंगरकापात बघायला मिळते. भेगांमधून पाणी शिरतं, दगडाचे कोपरे आधी झिजतात, आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत सुटत आत गोल गोटा उरतो. असे गोटे एकावर एक राहिले की त्यात कासव, बेडूक, माणसाचं डोकं काहीही दिसू लागतं. आपला मेंदू चेहरे शोधायला फार उत्सुक असतो, दोन खळगे आणि एक आडवी भेग त्याला पुरते. नजर बसवायची असेल तर आधी शहरातच वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीपर्यंत फिरून या. तिथे उघडा पडलेला कातळ सकाळच्या उन्हात छान वाचता येतो.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. नेढ्याच्या परिसरात आग्या मोहोळं असतात. आम्ही गेलो तेव्हाही कपारीत लटकलेली दिसत होती. अत्तर-डिओ लावून जाऊ नका, आरडाओरडा नको, धूर तर मुळीच नको, आणि खालून दगड भिरकावणारा कोणी दिसला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. माशा उठल्या तर त्या अरुंद माचीवर पळायला जागा नाही. नेढ्यात चढून बसण्याचा मोहही मुलांच्या बाबतीत टाळावा, खाली सरळ उतार आहे. पाणी माणशी तीन लिटर घरूनच न्या.

लोहगडाचा विंचूकाटा त्यामानाने फार सोपा. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, भाजे गावावरून लोहगडवाडी गाठायची, तिथून पायऱ्या. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडून माथ्यावर गेलं की पश्चिमेच्या कडेला या. सुमारे दीड किलोमीटर लांब आणि जेमतेम तीस मीटर रुंद अशी डोंगराची सोंड खाली दरीत गेलेली दिसते, तीच विंचवाची नांगी. इथे उलटं आहे : आकार बघायचा तर वरूनच, नांगीवर उतरलात की पायाखाली नुसती खडकाळ वाट उरते. उतरायचंच असेल तर सुरुवातीचा छोटा कातळटप्पा पावसाळ्यात निसरडा होतो, तेव्हा नको. पावसाळ्यात ढगांमुळे कित्येकदा काहीच दिसत नाही. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दुपारच्या वेळात लोकल फार कमी आहेत, परतीचं वेळापत्रक आधी बघून ठेवा.

नानाचा अंगठा बघायला जुन्नरमार्गे नाणेघाटाच्या माथ्यावर जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : वर उभं राहून अंगठा दिसत नाही, तिथे नुसता गवताळ चढ आणि पुढे कडा आहे. अंगठा दिसतो कोकणातून, वैशाखऱ्याच्या बाजूने. वानरलिंगी मात्र माथ्यावरच्या पठारावरूनच झकास दिसते.

निघोजच्या रांजणखळग्यांबद्दलही बरेच जण विचारतात. शिरूरवरून टाकळी हाजीला गेलं की कुकडीच्या पात्रात पोहोचतो. भोवऱ्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी कातळात कोरलेले हे रांजण उन्हाळ्यात पाणी कमी असतानाच बघावेत. पाण्यात उतरू नका. खळगे खोल आहेत, काठ गुळगुळीत, आणि आत पडलेल्याला धरायला काही मिळत नाही.

राजगड आणि लोहगड हे दोन्ही २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. तरी हत्तीच्या अंगावर खडूने आणि ऑइलपेंटने लिहिलेली नावं आहेत, आणि ती बघून मनापासून वाईट वाटतं. आकार स्पष्ट दिसावा म्हणून डोळा किंवा तोंड रंगवणारेही असतात. कृपा करून असं करू नका, आणि गडावरचा दगड आवडला म्हणून पिशवीत टाकू नका. छोटी दुर्बीण आणि वही न्या. दिसलेला आकार कुठून, किती वाजता दिसला ते लिहून ठेवा आणि जमलं तर चार रेघांचं चित्र काढा, कारण फोटोत तो हमखास हरवतो. गावात गेल्यावर आधी गुराख्यांना, ताकवाल्या मावशींना विचारा. "इथं कुठला दगड कशासारखा दिसतो?" एवढंच विचारायचं. आम्हाला पाली गावात एका आजोबांनी अजून एक जागा सांगितली आहे, डोंगराच्या मागच्या अंगाला बसलेल्या म्हशीची. ती गवत वाळल्यावर, फेब्रुवारीत.