‘डॉइल एरिन’ या शब्दांनंतरचं सगळं वगळा

डब्लिनला जाणाऱ्याच्या यादीत ट्रिनिटीमधलं बुक ऑफ केल्स असतं, मोहेरचे कडे असतात, टेंपल बार असतो. तिन्हींवर नेटवर ढिगानं लिहिलेलं आहे, त्यात माझी भर नको. लिहायला बसलो ते किल्डेअर स्ट्रीटवरच्या लेन्स्टर हाउसमुळे, म्हणजे आयर्लंडच्या संसदेमुळे. त्यातही तिथल्या कामकाजपत्रिकेवरच्या एका ओळीनं डोकं फिरलं म्हणून. त्या ओळीकडे येतोच.

आधी उच्चार, कारण तिथंच पहिली फजिती होते. कनिष्ठ सभागृह म्हणजे ‘डॉइल एरिन’ (Dáil Éireann). स्पेलिंग बघून ‘डेल’ म्हणू नका. पंतप्रधान म्हणजे ‘टीशख’, उपपंतप्रधान ‘टॉनिश्ता’, सभापती ‘क्यान कोर्ल्या’, आणि आमदार-खासदार जे काय म्हणाल ते ‘टीडी’. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीपासून टीडी १७४ आहेत, त्याआधी १६० होते. वीस ते तीस हजार लोकसंख्येमागे एक टीडी असावा असं राज्यघटनाच सांगते. लोकसंख्या वाढली तशी बाकं वाढवावी लागली.

पोचायला सोपं आहे. लुअस ट्रामच्या हिरव्या मार्गानं डॉसन थांब्यावर उतरायचं आणि मोल्सवर्थ स्ट्रीटनं सरळ चालत जायचं. रस्ता जिथं संपतो तिथं समोर लोखंडी फाटक. फाटकासमोर निदर्शकांची जागा. बैठकीच्या दिवशी तिथं कुणी ना कुणी फलक धरून उभं असतंच.

आता आत कसं जायचं. इथं बहुतेकांची चूक होते. सोमवारी आणि शुक्रवारी होणाऱ्या मोफत मार्गदर्शित फेरीत फोटो असलेलं ओळखपत्र दाखवून इमारत बघता येते: १७४५ च्या सुमाराला किल्डेअरच्या अर्लसाठी रिचर्ड कॅसल्सनं बांधायला घेतलेला वाडा, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १९६३ मध्ये भेट दिलेलं, अमेरिकी यादवी युद्धातल्या आयरिश ब्रिगेडचं निशाण, सगळं. पण सभागृह रिकामं. रिकामं सभागृह म्हणजे पडदा पाडलेलं नाट्यगृह, त्यासाठी एवढ्या लांब जायचं कारण नाही. कामकाज चालतं मंगळवार ते गुरुवार, आणि प्रेक्षक गॅलरीत बसायला एखाद्या टीडीनं किंवा सिनेटरनं, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या सदस्यानं, तुमचं नाव द्यावं लागतं. आयर्लंडमध्ये आपलं कुणी राहत असेल तर काम सोपं: प्रत्येक मतदारसंघातून तीन ते पाच टीडी निवडून येतात, तेव्हा त्यांतला एखादा विरोधी पक्षाचा बहुधा सापडतोच. त्यालाच लिहायला सांगा. दोन-तीन आठवडे आधी लिहा. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. उन्हाळ्याची स्वस्त तिकिटं काढून जाणारे नेमके इथंच फसतात.

वार निवडायचा तो मंगळवार. दुपारी दोन वाजता ‘लीडर्स क्वेश्चन्स’ असतात आणि उत्तराला टीशख स्वतः असतो. बुधवारीही तोच असतो, पण गुरुवारी टॉनिश्ताला उभं करतात आणि मजा निम्मी होते. सुरुवात प्रार्थनेनं, मग अर्ध्या मिनिटाचं मौन. त्या मौनानंतर जो आवाज चढतो तो काय वर्णावा!

पद्धत घड्याळाची आहे. विरोधी गटाच्या नेत्याला तीन मिनिटं, टीशखला तीन मिनिटं, मग दोघांना एकेक मिनिट. विषय आधी कळवायची गरज नाही, म्हणून टीशखसमोर जाडजूड फाइल असते. मुरलेला विरोधी नेता ही तीन मिनिटं कशी वापरतो ते बघण्यासारखं असतं. पहिलं मिनिट एका माणसाचं: अमुक गावची आई, दोन मुलं, घरमालकाची नोटीस. दुसऱ्या मिनिटात सरकारचाच आकडा सरकारच्या तोंडावर. तिसऱ्यात एकच प्रश्न, ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर मागणारा. नवखे इथं चार प्रश्न विचारतात, आणि टीशख त्यांतला सगळ्यात सोपा उचलून तीन मिनिटं सुखानं काढतो. शेवटच्या एका मिनिटात मुरलेला नेता नवं काही काढत नाही. ‘तुम्ही उत्तर दिलं नाही’ एवढंच सांगून तोच प्रश्न पुन्हा टाकतो. संध्याकाळच्या बातम्यांत तेवढाच तुकडा जातो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

उत्तर समाधानकारक आहे की नाही, हे ठरवणं सभापतीच्या हातात नाही. वेळ संपली की घंटा वाजवायची, एवढंच. ती घंटा मात्र बघाच. वेस्टमीथ परगण्यातल्या लॉख लीन तळ्यात सापडलेल्या प्राचीन घंटेची ती प्रतिकृती आहे, १९३१ मध्ये एका दिवंगत टीडीच्या पत्नीनं दिलेली.

आता ती ओळ. विरोधकांना दर आठवड्याला स्वतःचा ठराव मांडायला राखीव वेळ मिळतो, आपल्याकडच्या अशासकीय कामकाजासारखा. ठराव सुरू होतो ‘डॉइल एरिन’ या शब्दांनी: हे सभागृह अमुक गोष्टीची नोंद घेतं, तमुक गोष्टीचा निषेध करतं, सरकारनं अमुक करावं. त्याच पत्रिकेवर खाली सरकारची दुरुस्ती छापलेली असते, आणि तिची पहिली ओळ अशी की ‘डॉइल एरिन’ या शब्दांनंतरचं सगळं वगळावं आणि पुढील मजकूर घालावा. पुढील मजकूर म्हणजे सरकारनं किती घरं बांधली, किती पैसे ओतले, कोणत्या योजना आणल्या. बहुमत सरकारचं, दुरुस्ती मंजूर. म्हणजे निषेधाचा ठराव घेऊन आलेल्या माणसाच्या हातात दोन तासांनंतर अभिनंदनाचा ठराव! पंगतीला आपण वाढलेलं ताट उचलून त्याच पाटावर दुसऱ्याचं ताट ठेवावं, तसं. नियमात अगदी चोख बसतं, आणि म्हणूनच संताप जास्त येतो.

मार्च २०२३ चं उदाहरण घ्या. भाडेकरूंना विनादोष घराबाहेर काढण्यावर आदल्या ऑक्टोबरपासून हिवाळी बंदी होती. ती ३१ मार्चला संपू द्यायची, असं सरकारनं ठरवलं. शिन फेन या मुख्य विरोधी पक्षानं मुदतवाढीचा ठराव आणला आणि तो ८३ विरुद्ध ६८ नं हरला. सत्तेतल्या ग्रीन पक्षाच्या नीसा हुरिगन यांनी विरोधकांबरोबर मत दिलं आणि पंधरा महिन्यांसाठी पक्षाच्या संसदीय गटातून निलंबन ओढवून घेतलं. मग मजूर पक्षानं अविश्वास ठराव दिला. सरकारनं तोही आहे तसा घेतला नाही, त्याजागी स्वतःचा विश्वासदर्शक ठराव मांडला आणि ८६ विरुद्ध ६७ नं जिंकला. अविश्वासाच्या जागी विश्वासाचा ठराव आणला की चर्चेचं पहिलं भाषण सरकारच्या वाट्याला येतं, आणि बातमीत ‘सरकार जिंकलं’ हेच शब्द येतात.

तेव्हा टीशखच्या जागी होते लिओ वराडकर. मालवण तालुक्यातलं वराड हे त्यांच्या वडिलांचं गाव, २०१९ च्या डिसेंबरात ते तिथं येऊनही गेले. आपल्याकडे त्यांचं कौतुक झालं ते टीशख म्हणून; विरोधी बाकावरचे वराडकर फारसे कुणाला माहीत नाहीत. मार्च २०१० मध्ये या तरुण डॉक्टरनं तेव्हाचे टीशख ब्रायन कॉवेन यांना भर सभागृहात सुनावलं होतं की तुम्ही लेमास नाही, लिंच नाही, तुम्ही तर गॅरेट फिट्झजेराल्ड आहात, देशाचं कर्ज तिप्पट करणारे. लेमास आणि लिंच हे कॉवेन यांच्या पक्षाचे नावाजलेले माजी टीशख; फिट्झजेराल्ड मात्र वराडकरांच्याच पक्षाचे जुने नेते आणि माजी टीशख, त्यामुळे पहिला चेहरा पडला तो स्वपक्षीयांचा.

आणि या फिट्झजेराल्डांचंच सरकार २७ जानेवारी १९८२ ला अर्थसंकल्पावर ८२ विरुद्ध ८१ नं पडलं होतं. कारणांत मुलांच्या बुटांवरचा व्हॅटही होता. विरोधकांनी मतविभागणीत सरकार पाडल्याची गोष्ट विचारलीत तर तिथं कुणीही हीच सांगेल.

ठरावाऐवजी विधेयक आणलं तर? तिथं कुलूप वेगळं आहे. घटनेच्या कलम १७.२ नुसार सरकारी तिजोरीतून खर्च लागणार असेल, तर टीशखच्या सहीचा संदेश आल्याशिवाय विधेयक पुढं सरकत नाही. त्याला ‘मनी मेसेज’ म्हणतात. विरोधात मत देऊन वाईट दिसण्यापेक्षा दुसऱ्या वाचनात जाऊ द्यायचं आणि सही करायची नाही, हे सोयीचं. सिनेटर फ्रान्सिस ब्लॅक यांचं व्याप्त प्रदेशांतल्या (मुख्यतः इस्रायलनं व्यापलेल्या पॅलेस्टिनी भागांतल्या) मालाविषयीचं विधेयक २०१८ मध्ये सिनेटात मंजूर झालं, जानेवारी २०१९ मध्ये डॉइलमध्ये दुसरं वाचन पार झालं, आणि मग याच कुलपाशी थांबलं. गॅलरीतून हे दिसत नाही, कारण दिसण्यासारखं काही घडतच नाही.

म्हणून बोलायच्या वेळेवर तिथं एवढी मारामारी होते. स्वतंत्र गट म्हणून वेळ मिळायला निदान पाच सदस्य लागतात. जानेवारी २०२५ मध्ये सरकारला पाठिंबा देणाऱ्या काही अपक्षांनी विरोधकांच्या वेळेत वाटा मागितला, आणि गदारोळात सभागृह वारंवार तहकूब होऊन मीहॉल मार्टिन यांची टीशखपदाची निवड एक दिवस पुढं गेली. वसंतात वाद पुन्हा पेटला आणि क्यान कोर्ल्या व्हेरोना मर्फी यांच्यावरच अविश्वासाची वेळ आली. तिथंही सरकारनं विश्वासदर्शक ठराव पुढं केला, ९६ विरुद्ध ७१. वरवर पाहता भांडण बोलायच्या आठ मिनिटांचं. पण ज्यांचा ठराव पुसला जातो आणि विधेयक अडकतं, त्यांच्याकडे मिनिटांशिवाय असतं काय?

भाषेवर मर्यादा आहेत. समोरच्याला खोटारडा म्हणता येत नाही, ‘भित्रा’, ‘ढोंगी’, ‘उंदीर’ हेही चालत नाहीत. शब्द मागं घ्यावा लागतो. डिसेंबर २००९ मध्ये सत्ताधारी ग्रीन पक्षाच्या पॉल गोगार्टी यांनी मजूर पक्षाच्या सदस्याला चक्क इंग्रजीतली सगळ्यात परिचित शिवी दिली, ‘असंसदीय भाषेत सांगतो’ अशी प्रस्तावना करून. नंतर लक्षात आलं की हा शब्द निषिद्ध यादीत नव्हताच. वाक्य अधिकृत वृत्तांतात आजही जसंच्या तसं आहे.

शेवटचा सल्ला मतदानाचा. चर्चा संपताच मत होईल या आशेनं रात्री गॅलरीत बसून राहू नका. बहुतेक मतदान साठवून बुधवारी संध्याकाळी एकदम उरकतात. घंटा इमारतभर वाजते, टीडी धावत येतात, दारं बंद होतात. प्रत्येकाच्या बाकावर तीन बटणं: तॉ म्हणजे होय, नील म्हणजे नाही, स्टीन म्हणजे तटस्थ. २०१९ मध्ये एका सदस्यानं बाहेर गेलेल्या सहकाऱ्याचं बटण सहा वेळा दाबल्याचं चित्रफितीत दिसलं, तेव्हापासून आपापल्या जागेवर बसण्याबद्दल फारच काटेकोर आहेत. बटण दाबायला मिनिटभर देतात, निकाल भिंतीवरच्या फलकावर उमटतो आणि पुढच्या ठरावाची दुरुस्ती पुकारली जाते: ‘डॉइल एरिन’ या शब्दांनंतरचं सगळं वगळावं.