तर्कातून उगवलेला देव

सोमवार, रात्री

माझ्या कल्पित जगातल्या धर्माचा पाया आज ठरला. प्रेषित नाही, साक्षात्कार नाही, आकाशवाणी नाही. बंदराच्या एका शहरात कालव्यांची मोजणी करणारी एक बाई आहे आणि तिला एक युक्तिवाद सुचला आहे, एवढंच. त्या शहरात पंखवाले, पाण्यात राहणारे आणि आपल्यासारखे असे तिन्ही प्रकारचे लोक नांदतात. पंखवाल्यांच्या देवांना पंख, पाण्यातल्यांच्या देवांना कल्ले, माणसांच्या देवांना दाढ्या.

मूळ धागा झेनोफेनीसचा. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात हा ग्रीक विचारवंत म्हणाला होता की बैलांना आणि घोड्यांना हात असते, तर त्यांनी बैलांसारखे आणि घोड्यांसारखेच देव काढले असते. पुढे तो ज्या एका देवाबद्दल बोलतो, तो देहानंही मर्त्यांसारखा नाही आणि विचारानंही नाही. झेनोफेनीसला घोड्यांच्या हातांची कल्पना करावी लागली. माझी मोजणीदारीण मात्र रोज तिन्ही देवळांच्या कडेनं पाण्याची पातळी नोंदवत जाते. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरच आहे. एकेश्वरवाद तर्कानं सुचायला याहून चांगली जागा मला सापडत नाही.

मंगळवार

देऊळ डोळ्यांसमोर उभं राहिलं! मूर्ती नाही. आत जायला पाच पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर युक्तिवादाचं एकेक वाक्य कोरलेलं. पहिली: जे आहे, ते नसूही शकलं असतं. दुसरी: जे नसूही शकलं असतं, ते दुसऱ्या कशावर तरी टेकलेलं असतं. तिसरी: टेकलेल्यांची रांग कितीही लांब केली, तरी सगळी रांग मिळून टेकलेलीच. चौथी: म्हणून कशावरही न टेकलेलं असं काही असलंच पाहिजे. पाचवी: असे दोन असू शकत नाहीत.

या मांडणीमागे इस्लामी जगातला तत्त्वज्ञ इब्न सीना (९८०–१०३७) आहे. पाचवी पायरी मला सगळ्यात सुंदर वाटते. दोन असते तर त्यांच्यात काहीतरी फरक असता. म्हणजे समान भाग अधिक वेगळा भाग, असा प्रत्येकजण जोड देऊन बनलेला. आणि जोड देऊन बनलेली वस्तू आपल्या भागांवर टेकलेली असते. संपलं.

ज्याला जी पायरी पटत नाही, त्यानं तिच्यावरच बसून राहायचं. मग आचार्य वरून उतरून त्याच्याशेजारी येऊन बसतात. त्याला हाताला धरून वर नेत नाहीत. तिसरी पायरी बसणाऱ्यांमुळे मधोमध इतकी झिजली आहे की पावसाचं पाणी तिच्यात साचतं, आणि अक्षरं बोटांनी चाचपून वाचावी लागतात. ती बदलायची नाही असा नियम आहे.

शंका घेणं ही तिथं पूजाच आहे. हे मला न्यायदर्शनाच्या, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या, परंपरेतल्या उदयनाचार्यांकडून मिळालं. ईश्वराविषयीची न्यायचर्चा म्हणजे मनन, आणि श्रवणानंतर येणारी ती उपासनाच, असं ते 'न्यायकुसुमांजली' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच सांगतात. तर्कावरचा धर्म कोरडा असणार, असं मानणाऱ्यांना हे एक वाक्य पुरे व्हावं.

बुधवार

अडचण आली. या जगात देव खरोखर दिसतात. नदीची देवी हाक मारली की वर येते. मग एकच देव म्हणायचं कसं?

पण पहिली पायरी तिलाही लागू आहे. ती आहे, बलवान आहे, पूर आणू शकते; आणि ती नसूही शकली असती. म्हणजे तीही टेकलेलीच. मोजणीदारीण तिला नाकारत नाही, नमस्कारही करते, फक्त पूजा करत नाही. देवीला याचा राग येतो की हायसं वाटतं, हे मी अजून ठरवलेलं नाही. मला दुसरं हवं आहे.

गुरुवार

खरे विरोधक पुजारी नसून ज्योतिर्विद असणार. बुद्धी वापरली की माणूस आपोआप एका देवापाशी पोचतो, हे खोटं आहे. ॲरिस्टॉटलनं ग्रहांच्या गती समजावण्यासाठी त्यांना फिरवणारे आकाशातले गोल मोजले, तेव्हा आकडा ५५ किंवा ४७ आला, आणि तेवढेच अचल चालक, म्हणजे स्वतः न हलता गोल हलवणारे, मानावे लागले. माझ्या आकाशात तीन चंद्र आहेत. तिथले ज्योतिर्विद याहून मोठा आकडा काढतील, आणि तोही प्रामाणिक गणितानं. हा वाद मी मिटवणार नाही.

राजाश्रयही देणार नाही. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या रोबेस्पिएरनं परमसत्तेचा, म्हणजे विवेकाला पटणाऱ्या एका देवाचा, उत्सव ८ जून १७९४ रोजी थाटात साजरा केला, २८ जुलैला त्याचा शिरच्छेद झाला, आणि त्याच्यामागे तो पंथही ओसरला. वरून लादलेला विवेक कुणाच्या घरात शिरत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, तेव्हा निर्मिक (निर्माणकर्त्यासाठी त्यांचा शब्द) आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हे त्यांनी लग्नासारख्या रोजच्या जगण्यातल्या विधीपर्यंत नेलं. माझ्या आचार्यांनाही दक्षिणा घेता येणार नाही.

शनिवार, उशिरा

आज माझ्या देवळात एक नवी बाई आली. तिचं मूल गेलं आहे. ती पाचही पायऱ्या चढली, सगळ्या पटल्या म्हणाली, आणि वर पोचल्यावर विचारलं, "त्याला माझ्या पोराचं नाव ठाऊक आहे का?"

इथं सगळी इमारत हलते. इब्न सीनाचं म्हणणं होतं की ईश्वर विशिष्ट गोष्टी सामान्य रूपानं जाणतो. इस्लामी धर्मपंडित गझालीनं (१०५८–११११) तत्त्वज्ञांवर वीस मुद्द्यांची टीका लिहिली, आणि ज्या तीन मुद्द्यांवर त्यानं त्यांना थेट धर्मबाह्य ठरवलं, त्यांपैकी हा एक. मला गझालीचा राग समजतो. सामान्य रूपानं ओळखलं गेलेलं मूल कुठल्याच आईला नको असतं.

थोरले आचार्य तिला इब्न सीनाचंच उत्तर देतात. ती ऐकून घेते आणि पहिल्या पायरीवर परत जाऊन बसते. आचार्य खाली येतात. ती म्हणते, "जे आहे ते नसूही शकलं असतं, असं तुम्हीच कोरलंय. नसू शकलं असतं ते कोण? 'मूल' ही कल्पना नव्हे, माझा पोरगा. टेकलेला होता तोही तोच. मग ज्यानं त्याला क्षणोक्षणी धरून ठेवलं, त्याला तो ठाऊक नसेल, तर त्यानं धरलं तरी कुणाला?"

हे लिहिताना मला रडू आलं. तिचा प्रश्न दुःखातून आला, तरी तो युक्तिवादच आहे, आणि माझ्या मते बिनतोड आहे. धर्म इथं फुटतो. काही आचार्य पाच पायऱ्यांवर ठाम राहतात. काही तिच्या वाक्याची सहावी पायरी कोरतात, आणि मृतांना अंघोळ घालणारे लोक सगळेच्या सगळे तिच्याकडे जातात. पुढच्या पिढ्या तिला दुसरी संस्थापक मानतील. मी सहा पायऱ्यांच्या बाजूनं आहे, पण पाचवाल्यांचं उत्तरही तेवढ्याच ताकदीनं लिहायला हवं. उद्या तेच घेते.