रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी

आज दिवसभर लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) एका क्रॅशमागे. कोसळायचा फाइल सिस्टिमचा कोड, आणि त्या बिचाऱ्याचा काही संबंधच नाही! स्लब अ‍ॅलोकेटर (कर्नलमध्ये मेमरी वाटणारा भाग) सारख्या मापाचे कॅशे (मेमरीच्या तुकड्यांचे साठे) गुपचूप एकत्र करतो. मग घाण एकाने करायची आणि मार शेजाऱ्याने खायचा. बूट करताना विलीनीकरण बंद केलं, पॉयझनिंग चालू केलं. पुढच्या क्रॅशला प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी. पॉयझनिंगमध्ये फ्री झालेल्या (वापरून परत केलेल्या) मेमरीत कर्नल ६बी हाच बाइट भरतो. म्हणजे फ्री झाल्यावरही कुणीतरी तिथे हात घालतंय.

मग केसॅन (मेमरीच्या अशा चुका पकडणारं साधन) लावून कर्नल पुन्हा कंपाइल केला. २०१५च्या ४.० आवृत्तीपासून हे हत्यार कर्नलमध्येच आहे. मेमरीचा आठवा हिस्सा खातं, मशीन रडतखडत चालतं. पण चुकीचा वापर कुठे, अ‍ॅलोकेशन कुठे, फ्री कुठे, सगळ्यांचे स्टॅक ट्रेस (कोड कुठून कुठे आला याचा माग) हातात देतं. (प्रिंट टाकून शोधणाऱ्यांना माझा नमस्कार.)

चोर निघाला एका नेटवर्क ड्रायव्हरचा टायमर. डिव्हाइस काढताना स्ट्रक्चर फ्री, आतला टायमर मात्र चालूच.

दुरुस्ती एका ओळीची. आता ड्रायव्हर काढ-घाल करणारी स्क्रिप्ट रात्रभर चालेल. पॅचचं वर्णन लिहायला दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागणार, ते उद्या.