कोर्टाच्या व्हरांड्यात

आज दिवसभर सेशन्स कोर्टात होते. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या केसेसमध्ये सपोर्ट पर्सन म्हणून, म्हणजे मुलाला आणि घरच्यांना साथ द्यायला मी जाते, आमच्या संस्थेतर्फे. आज एका मुलीची साक्ष होती. आईच्या हातातला समन्सचा कागद घामाने मऊ पडलेला. "ताई, तो समोर असेल का हो?" एवढंच ती परत परत विचारत होती.

साक्षीच्या वेळी आरोपी मुलीच्या नजरेस पडू द्यायचा नाही, असं 2012 चा पोक्सो कायदाच सांगतो. वकिलांचे प्रश्नसुद्धा न्यायाधीशांमार्फत विचारायचे, मध्ये विश्रांती द्यायची, विश्वासातलं माणूस जवळ बसू द्यायचं. कोर्टरूममध्ये हे बऱ्यापैकी पाळलं गेलं, बरं वाटलं. पण व्हरांड्याचं काय? आरोपीचे नातेवाईक समोरच्याच बाकावर, टक लावून बघत. मी मधे उभी राहिले, मुलीशी शाळेच्या गप्पा मारत. आमचं निम्मं काम हेच असतं.

दुसरं दुखणं पैशाचं. तारखेला आलं की आईची रोजंदारी बुडते. रिक्षाभाडं, जेवण संस्थेच्या देणग्यांतून निघतं. 2013 पासून अशा पीडितांना आर्थिक मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो, पण या आईला ते आजपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं! याचा मला फार राग येतो. उद्या आम्ही दोघी तिथे जाणार आहोत.

तुमच्या ओळखीत कुणाला गरज असेल तर मोफत कायदेशीर मदतीचा नंबर 15100 आहे. नक्की सांगा.