४० मीटरचा ट्रस आणि १७० चा आकडा

नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या लिलावासाठी शेड करायचं होतं. ट्रॅक्टर-ट्रॉल्या सरळ आत येऊन वळल्या पाहिजेत, मध्ये एकही खांब नको, ही मुख्य अट. म्हणजे स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) ४० मीटर, ट्रस (स्टीलचे दांडे त्रिकोणांत जोडून केलेली तुळई) दर ६ मीटरवर. छताला एकाच बाजूला किंचित उतार, दोन्ही कॉर्ड (ट्रसचे वरचा आणि खालचा लांब मेंबर, म्हणजे दांडे) समांतर.

ट्रसची खोली पहिल्यांदा २ मीटर धरली. एका ट्रसवर फॅक्टर्ड लोड (सुरक्षेसाठी वाढवून धरलेला भार) मीटरला ८.१ किलोन्यूटन, म्हणून मधला मोमेंट (वाकवणारा परिणाम) १६२० किलोन्यूटन-मीटर. त्याला खोलीने भागलं की कॉर्डमधला फोर्स ८१० किलोन्यूटन. सेक्शन (मेंबरसाठी निवडलेले स्टीलचे आकार) फार जड होत होते. खोली ३.२ मीटर केली, तेव्हा तोच फोर्स ५०६ वर आला. पॅनल (दोन उभ्या मेंबरमधला भाग) ४ मीटरऐवजी ३.३३ चे केल्याने डायगोनल (तिरके मेंबर) उभट झाले आणि टोकाच्या डायगोनलमधला फोर्स ३२६ वरून २१५ वर उतरला. डायगोनलची दिशाही उलटवली, म्हणजे लांब मेंबर ताणात आणि आखूड उभे मेंबर दाबात. ४ मीटर खोलीही करून पाहिली, पण उभे मेंबर लांबले, बकलिंग (दाबाखाली बाजूला वाकणं) टाळायला जाड करावे लागले आणि वाचलेलं स्टील तिथेच गेलं.

मग कॉम्प्युटरवर मॉडेल चालवलं. टॉप कॉर्ड ५०० च्या आसपास, बॉटम कॉर्ड मात्र जेमतेम १७०! मला मनापासून आनंद झाला. खालचा सेक्शन लगेच हलका करून शीट सरांकडे नेलं.

"तू रिअ‍ॅक्शन पाहिल्यास का?" सरांनी एवढंच विचारलं.

रिअ‍ॅक्शन, म्हणजे सपोर्टवर येणारे जोर, पाहिल्या नव्हत्या. दोन्ही टोकं पिन्ड (आडवीही सरकू न शकणारी) दिली होती, आणि दोन्ही सपोर्टवर सव्वातीनशे किलोन्यूटनच्या वर आडवा जोर दिसत होता. लोड आला की बॉटम कॉर्ड लांबायला बघते. मॉडेलमधले सपोर्ट जागचे हलत नाहीत, ते तिला आत दाबून धरतात. तो जोर ७ मीटर उंच कॉलमच्या डोक्यावर टाकला तर पायाशी २३०० किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट. आमचा कॉलम त्याच्या जवळपासही नव्हता. प्रत्यक्षात तो झुकला असता आणि सगळा ताण पुन्हा बॉटम कॉर्डमध्ये आला असता, मी हलक्या केलेल्या त्याच सेक्शनमध्ये. मधल्या पॅनलला काप घेऊन हाताने मांडलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. त्या दिवसापासून हाताचं गणित आधी, मॉडेल नंतर.

एक टोक आडव्या दिशेला मोकळं केलं. बॉटम कॉर्ड ५०० च्या घरात परतली, सेक्शन पुन्हा जड झाला.

वाऱ्याने आणखी एक काम वाढवलं. नाशिकला मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रतिसेकंद धरतात आणि शेड बाजूंनी उघडं. ०.९ डेड लोड (बांधकामाचं स्वतःचं वजन) अधिक १.५ विंड लोड (वाऱ्याचा भार) या कॉम्बिनेशनमध्ये छत वर उचललं जातं आणि बॉटम कॉर्ड दाबात जाते. टॉप कॉर्डला पर्लिन (छताचे पत्रे पेलणाऱ्या आडव्या पट्ट्या) धरून ठेवतात, खाली कोणीच नसतं. तिथे दर दोन पॅनलला आडवे टाय टाकले आणि ते टोकाच्या ब्रेसिंगला (तिरक्या आधार-दांड्यांना) नेऊन बांधले.

मोकळ्या टोकाला बेसप्लेटमध्ये लांबट भोकं ठेवली होती. उभारणीच्या दिवशी मी शिडीने वर चढून एकेक बोल्ट पाहिला. दोन ठिकाणी तो भोकाच्या कडेला टेकला होता. क्रेन सोडायच्या आधी ते दोन्ही ट्रस सरकवून बोल्ट मधोमध घेतले.